चार बोटं तार

मेस्त्रींच्या खिशाची ओळख आधी करून द्यायला हवी, कारण सगळा घोळ त्या खिशातून निघाला. दुकानात घालायचा निळा शर्ट आणि त्याला डावीकडे पिशवीएवढा खिसा. त्यात टेस्टर, पेन्सिलीचं थोटूक, तीन-चार वायसर, कुणाच्या तरी कपाटाची किल्ली आणि घड्या पडून पडून कापडासारखी मऊ झालेली बिलं. शर्ट शनिवारी धुवायला पडायचा. त्यामुळे एका शनिवारपासून दुसऱ्या शनिवारपर्यंत खिशात जे जाईल ते पोटात गेल्यासारखंच.

मेस्त्रींना धंदा शिकवणारा उस्ताद एक गोष्ट घोकून घ्यायचा. कुठलंही यंत्र उघडण्याआधी त्याचा फ्यूज उपसायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. खिडकीत नको, स्टुलावर नको, खिशातच. कारण तुम्ही यंत्रात कोपरापर्यंत हात घातलेला असताना घरातलं कुणीतरी शहाणं माणूस 'अरेच्चा, हे बंदच राहिलं की' म्हणत येतंच येतं. "फ्यूज खिशात, तर जीव कुडीत," उस्ताद म्हणायचा. बावीस वर्षं मेस्त्रींनी जीव असा कुडीत ठेवला होता.

त्या रविवारी मेस्त्री सासूबाईंच्या गच्चीवर त्यांचा एसी साफ करत होते. एसी नऊ वर्षांपूर्वी मेस्त्रींनीच बसवलेला. खोलीतल्या जाळ्या धुऊन झाल्या, गच्चीवरच्या युनिटच्या पत्र्यांमधली धूळ पाण्याने काढून झाली, पाणी जायची नळी फुंकून झाली, झाकणाचे स्क्रू आवळून झाले. फक्त पाण्याच्या टाकीमागच्या पेटीत फ्यूज परत बसवायचा राहिला होता. तेवढ्यात खाली पांढऱ्या गाडीचा हॉर्न वाजला आणि पाठोपाठ सासूबाईंचा आवाज आला.

"अगंबाई, जावईबापू आले!"

मेस्त्री बाहेरच्या जिन्याने तरातरा उतरले, फाटकातूनच "झालंय हो, लावून बघा सावकाश" असं ओरडले आणि स्कूटरला किक मारून निघून गेले. काम झाल्यावर यंत्र चालवून न बघता मेस्त्री कुठून उठलेत, असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. पण चालवून बघायचं तर बैठकीच्या खोलीत जावं लागलं असतं, आणि बैठकीच्या खोलीत जावईबापू पंख्याखाली बसले होते.

फ्यूज खिशातच राहिला.

आता कुणी म्हणेल, मेस्त्रीसुद्धा त्याच घरचे जावई ना? हो, चांगले थोरले जावई. अठरा वर्षांचे जुने. आणि दुखणं नेमकं तिथेच होतं. त्या घरात ते पहिल्यांदा पाऊल टाकते झाले ते फ्रीज दुरुस्त करायला. फ्रीज तीनदा बिघडला. तिसऱ्यांदा त्याला काहीच झालेलं नव्हतं; घरातल्या थोरल्या मुलीने मागून प्लग काढून ठेवला होता. मेस्त्रींनी मुकाट्याने प्लग लावला, पंधरा मिनिटं उगाच फ्रीजच्या मागे डोकं घालून बसले आणि दोन महिन्यांनी त्यांचं लग्न झालं. सासूबाईंची जीभ मात्र फ्रीजपाशीच अडकली. लग्नाच्या दिवशी त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "मेस्त्री, फोटोला उभे राहा." तेव्हा सगळे हसले, मेस्त्रीही हसले. हसण्यावारी नेलेली गोष्ट अठरा वर्षं टिकेल हे कुणाला ठाऊक?

मग सहा वर्षांपूर्वी धाकटी मुलगी उजवली. तिचा नवरा तेव्हा गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. तो उंबरा ओलांडून आत आला आणि सासूबाई म्हणाल्या, "या जावईबापू." पहिल्याच दिवशी. काही दुरुस्त न करता!

म्हणजे घरात जावई दोन. त्यातला एक जावई आणि एक मेस्त्री.

एवढ्यावर भागलं असतं तरी मेस्त्रींनी गिळलं असतं. पण गाद्यांचं दुकान बंद पडलं आणि धाकटा हात जोडून त्यांच्याकडे आला. "दादा, मला धंदा शिकवा." मेस्त्रींनी आठ महिने शिकवलं. कुठे पाना लावायचा, कुठे कान लावायचा, गॅस कसा ओळखायचा, वायरी सोडवण्याआधी पेन्सिलीने खुणा कशा करायच्या, सगळं. नवव्या महिन्यात धाकट्याने पांढरी गाडी घेतली, पाठीवर फोन नंबर छापलेले सहा टीशर्ट शिवून घेतले आणि त्याचा फोन वाजायला लागला. मेस्त्री मनातल्या मनात त्याला 'टीशर्ट' म्हणत. तोंडावर मात्र 'अहो' म्हणावं लागे, साडू पडला ना! 'गाद्याच विकायचा,' ते बायकोला सांगत, 'लोकांना झोपवायची सवय जुनीच आहे त्याची.'

बायको म्हणे, "जळू नका हो. आधीच दुकानात पंखा चालत नाही."

तर रविवारनंतर तीन दिवस आभाळ भरून होतं आणि हवा गार, म्हणून कुणी एसीला हात लावला नाही. गुरुवारी ऊन असं फटफटलं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं. मेस्त्री दुपारी जेवायला घरी आले, तर बायको ताट वाढता वाढता म्हणाली, "आईचा एसी बंद पडलाय."

"कधी?"

"आज लावला तर ढिम्म. दिवासुद्धा लागत नाही. चार वाजता येतायत बघायला."

"कोण येतायत?"

बायकोने भाजीकडे बघितलं. मेस्त्रींना उत्तर मिळालं.

"मला सांगितलं नाही त्यांनी?"

"मला तरी कुठे सांगितलंय? धाकटीचा फोन आला म्हणून कळलं. जेवा तुम्ही."

"जेवण गेलं माझं."

"कुठे गेलं? ताटातच आहे."

मेस्त्री जेवले, पण कशाशी जेवले हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एसी त्यांनी बसवलेला. चार दिवसांपूर्वी त्यांनीच साफ केलेला. आणि बिघडला तर बोलावणं कुणाला, तर ज्याला आपण पाना धरायला शिकवलं त्याला. अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेवटी मेस्त्रींनी मोरीवर पालथा घातलेला स्टीलचा डबा उचलला.

"हा कुणाचा?"

"आईचाच. महिना झाला."

"देऊन येतो."

"आज? चार वाजता?"

"डबा द्यायला मुहूर्त लागतो का?"

हत्यारांची पिशवी त्यांनी मुद्दाम नेली नाही. पिशवी घेऊन गेलं की मेस्त्री, रिकाम्या हाताने गेलं की जावई, असा साधा हिशेब. निळा शर्ट मात्र अंगावर तसाच होता.

ते पोचले तेव्हा धाकटा स्टुलावर चढला होता. पाठीवरचा फोन नंबर दारातूनच वाचता येत होता. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा काळा चष्मा, हातात कापसाचा बोळा. दर दोन मिनिटांनी त्या बोळ्याने कपाळ टिपत होत्या.

"कोण आलं?"

"मी."

"मेस्त्री? या, या. काय हो, अचानक?"

"डबा द्यायला आलो, बाई."

"भरलेला आहे का?"

"नाही. रिकामा."

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

स्टुलावरून धाकटा वळला. "या दादा! बरं झालं आलात. हा काही दाद देत नाहीये."

मेस्त्री 'असं का' एवढंच म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. चहा आला. धाकट्याचा चहा बशीसकट कपात, बशीत दोन बिस्किटं. मेस्त्रींचा चहा कानतुटक्या मगात. हा मग त्यांचा ठरलेला. मगाचा कान त्यांच्याच हातून तुटला होता, तोही पंधरा वर्षांपूर्वी. पण त्या घरात माणसाला एकदा चिकटलेलं काही सुटत नसे.

धाकटा कामाला लागला. मेस्त्री त्याच्याकडे बघत होते. परीक्षक पेपर तपासतात तसे, पण विद्यार्थी नापास होईल या आशेने. आधी त्याने रिमोट घेतला. त्यातले सेल बदलले. मग रिमोटचं तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं.

"हे काय?" सासूबाईंनी विचारलं.

"रिमोटमधून उजेड निघतो ना आई, तो आपल्याला दिसत नाही, पण फोनला दिसतो. हे बघा, लागतोय. म्हणजे रिमोट ठीक."

मेस्त्रींनी चहाचा मग खाली ठेवला. हे त्यांनी शिकवलं नव्हतं. हे त्यांना माहीतही नव्हतं. आणि 'आई' म्हणतो हा, पहिल्या दिवसापासून, साखरेत घोळल्यासारखं.

मग धाकट्याने एसीचं पुढचं झाकण उचलून आतलं बारीक बटण दाबलं. रिमोट नसताना चालू करायचं ते. काही नाही. भिंतीवरचं बटण बघितलं, चालू. दारामागच्या बोर्डावरची कळ बघितली, ती वर होती. क्रम बरोबर होता. मेस्त्रींनी शिकवलेला होता तस्साच होता. एक पायरी चुकेल म्हणून ते वाट बघत होते, तर हा पठ्ठ्या एकही चुकेना. चूक काढायला गेलं की स्वतःचीच शिकवणी सापडत होती.

धाकट्याने बाजूचं झाकण उघडलं, मीटरच्या दोन काड्या आत लावल्या आणि मान हलवली.

"आत करंटच येत नाहीये. दादा, पेन्सिल आहे का? खुणा करून वायरी सोडवून बघतो."

मेस्त्रींनी खिशात हात घातला. टेस्टर लागला, किल्ली लागली, आणि मग काहीतरी गार, गुळगुळीत, जड लागलं. चिनी मातीचं. दोन्ही बाजूंना पितळी जिभा असलेलं.

मेस्त्रींचा हात खिशातच थांबला. काखेत कळसा म्हणतात तो हाच. रविवारची गच्ची, टाकीमागची पेटी, हॉर्न, 'अगंबाई, जावईबापू'. सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. या एसीला वीज आधी गच्चीवर जाते आणि तिथून खोलीत उतरते. वरचा फ्यूज नसेल तर खाली दिवासुद्धा लागणार नाही.

"नाही का दादा?"

"आहे, आहे." मेस्त्रींनी पेन्सिल काढून दिली.

एखाद्याने तिथेच कपाळावर हात मारून घेतला असता. मेस्त्रींनीही घेतला असता. पण त्याच वेळी सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, जास्त बिघडलंय का हो?" आणि धाकटा म्हणाला, "वरच्या युनिटमधलं सर्किटचं कार्ड गेलं असेल तर जरा महागात जाईल आई. पण बघतो मी, तुम्ही काळजी करू नका."

कार्ड! मेस्त्रींच्या डोक्यात टिचकी वाजली. टाकीमागे पेटी आहे हे या घरात एकाच माणसाला माहीत होतं, कारण ती त्याच माणसाने लावली होती. धाकट्याला ती दिसली नाही तर? तो कार्ड काढून नेईल. नवं आणून घालेल. तरी चालणार नाही. मग दुसरं काहीतरी बदलेल, तरी नाही. आठवडाभर घाम गाळेल, पाठीवरचा नंबर ओला होईल. आणि मग एके संध्याकाळी आपण यायचं. सहज. डबा घेऊन. 'बघू का जरा?' म्हणायचं, वर जायचं, पाच मिनिटांत खाली यायचं, आणि एसी भुर्र. सासूबाई म्हणतील...

काय म्हणतील ते मेस्त्रींनी चहाच्या तीन घोटांत तीन वेळा ऐकून घेतलं. बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला. फ्यूज खिशात होता आणि जीव अगदी थंडगार कुडीत होता.

"वर जाऊन येतो," धाकटा म्हणाला आणि पिशवी घेऊन बाहेरच्या जिन्याने गेला.

खोलीत सासू आणि जावई दोघेच उरले. टेबलफॅन मान फिरवत होता आणि प्रत्येक फेरीत सासूबाईंपर्यंत पोचण्याआधीच परत वळत होता. सासूबाईंनी चष्मा किंचित उचलून बोळ्याने डोळ्याखाली टिपलं.

"दुखतंय का, बाई?"

"चुरचुरतं हो. डॉक्टर म्हणाले, सगळं चालेल पण घाम डोळ्यात जाऊ देऊ नका. आता घामाला काय सांगू, दुसऱ्या बाजूने जा म्हणून?"

मेस्त्रींनी उठून टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला आणि त्याची मान दाबून बसवली.

"असू द्या हो. लागेल आता." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मेस्त्री, एक सांगू? राग मानू नका. मी तुम्हालाच फोन करणार होते."

"मग?"

"तुम्ही रविवारीच साफ करून गेलात. चार दिवसांत बंद पडला म्हणून कसं सांगू? तुम्हाला लागलं असतं. पुन्हा तुमचा धंदा हाच, नाव खराब व्हायचं. म्हटलं, जावईबापूंकडून गुपचूप करून घ्यावं, तुमच्या कानावर जाऊच नये. तर तुम्ही नेमके आज डबा घेऊन आलात!"

मेस्त्रींना ठसका लागला. मगातला चहा निळ्या शर्टावर सांडला, बरोबर खिशावर.

"जरा वर बघून येतो," ते म्हणाले.

"तुम्ही कशाला? आहेत ना जावईबापू."

"तरी पण."

जिन्याचा कठडा उन्हाने भाजत होता. वर जाताना मेस्त्रींनी योजना आखली. धाकटा युनिटपाशी वाकलेला असेल, आपण टाकीमागे जायचं, फ्यूज बसवायचा, आणि म्हणायचं की सैल झाला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गच्चीवर पोचले तर धाकटा युनिटपाशी नव्हताच. टाकीमागे होता. वायरीचा माग काढत तो पेटीपर्यंत गेला होता, पेटी उघडी होती, आणि तो आतल्या रिकाम्या जागेकडे बघत होता. मेस्त्रींची चाहूल लागताच तो वळला. उजवा हात पुढे केला, तळवा वर. शाळेत मास्तर पोराने लपवलेली गोटी मागतात, अगदी तसा.

"काय?" मेस्त्री म्हणाले.

"द्या, दादा."

"काय द्या?"

"खिशातलं."

"खिशात बिलं आहेत माझी."

"आठ महिने रोज ऐकलंय मी," धाकटा म्हणाला. "फ्यूज खिशात, तर जीव कुडीत. इथे फ्यूज नाही. चोरीला जायची ही वस्तू नव्हे. आणि यंत्र उघडताना फ्यूज खिशात ठेवणारी माणसं मला दोनच माहीत आहेत. मी रविवारी वर आलो नव्हतो."

मेस्त्रींनी फ्यूज काढून त्याच्या तळव्यावर ठेवला. पेन्सिल आणि टेस्टर यांच्या मध्ये चार दिवस घुसळून त्यातली तार तुटली होती. दोन टोकं मिशीसारखी वर आली होती.

"तार गेलीय," धाकटा म्हणाला.

मेस्त्रींचा हात सवयीने खांद्याकडे गेला. पिशवी नव्हती. जावई होऊन आले होते ना!

धाकट्याने आपल्या पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. आत कप्पे, कप्प्यांत तारांची रिळं, प्रत्येकावर जाडीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी. मेस्त्रींच्या पिशवीत सगळ्या तारा एकत्र राहत, एकत्र कुटुंबासारख्या, गुंतून. धाकट्याने योग्य रीळ काढलं, तार बोटांवर मोजली, चार बोटं, आणि कापली. बोटांवर मोजायलाही मेस्त्रींनीच शिकवलेलं.

"घ्या. तुम्हीच लावा. पेटी तुमची आहे."

आता वर हे उपकारसुद्धा. मेस्त्रींनी तार घेतली आणि स्क्रूला वेढा देऊन आवळली. धंद्याचा एक नियम आहे. दुसऱ्याच्या पिशवीतली वस्तू घेतली तर त्याच मापाची वस्तू त्याच पिशवीत परत जाते. पैसे चालत नाहीत, चहा चालत नाही. हा नियमही उस्तादाचाच.

"तार परत करतो," ते म्हणाले.

"अहो, चार बोटं तार ती."

"करतो म्हटलं ना."

फ्यूज बसला. खाली खोलीत एसीने टुंई केलं ते वरपर्यंत ऐकू आलं, आणि सासूबाईंचं "लागला, लागला!" त्याहून मोठ्याने. वरचं युनिट मात्र लगेच चालू होत नाही. तीन मिनिटं घेतं. ती तीन मिनिटं दोघे साडू उन्हात युनिटकडे बघत उभे राहिले.

"रविवारी का पळालात?" धाकट्याने विचारलं.

"काम होतं."

"मी तुमच्यासाठीच आलो होतो. एक जुना एसी सुटत नव्हता मला. म्हटलं, दादांना विचारावं."

मेस्त्रींना एकदम बरं वाटलं. "मग विचारायचं की. काय करत होता?"

"परवा सुटला."

"कुणी सोडवला?"

"मीच."

युनिट घरघरलं आणि पंखा फिरायला लागला. मेस्त्रींना वाटलं, त्यालाही हसू आलंय.

खाली आले तर सासूबाई एसीच्या बरोबर खाली खुर्ची ओढून बसल्या होत्या, चेहरा वर, देवळातल्या घंटेकडे बघावं तसा. "काय झालं होतं हो, जावईबापू?"

धाकट्याने हात पुसले. मेस्त्रींकडे बघितलं नाही. "मुंगी, आई."

"मुंगी?"

"वरच्या पेटीत शिरली होती. होतं कधी कधी. मला तर पेटीच सापडली नसती. दादांनी बरोबर ओळखलं. मी नुसता बघत होतो."

सासूबाईंचा चेहरा उजळला. "वाटलंच मला! काही म्हणा, मेस्त्री ते मेस्त्रीच!"

हे वाक्य. हेच वाक्य मेस्त्रींनी मघाशी चहाबरोबर तीनदा ऐकलं होतं, फक्त त्यात 'मेस्त्री'च्या जागी 'जावई' होतं. आता ते खरोखर कानावर पडलं. मान मिळाला तो मेस्त्रीचा. आणि तोही कुणी दिला? टीशर्टने. दान म्हणून. कामात पुढे, गाडीत पुढे, रिमोटच्या उजेडात पुढे, आणि आता हा माणूस मनाच्या मोठेपणातही पुढे निघाला. बशीतलं उरलेलं बिस्किट खात होता, शांतपणे, एखाद्या संतासारखा. आयुष्यभर सासूबाई म्हणतील, मेस्त्रींनी ओळखलं. आणि आयुष्यभर याला माहीत असेल, कुणी झाकलं ते.

नाही. सगळं सहन करू, पण हे नाही.

"मुंगी नव्हती, बाई," मेस्त्री म्हणाले.

"मग काय होतं? झुरळ?"

"मी होतो."

धाकट्याने कप खाली ठेवला. "दादा, जाऊ द्या ना..."

"तुम्ही बसा हो," मेस्त्री म्हणाले आणि सांगून टाकलं. फ्यूज, खिसा, हॉर्न, फाटक. धाकट्याने पेटी स्वतः शोधली हेही सांगितलं, दात ओठ खाऊन सांगितलं, पण सांगितलं.

सासूबाईंनी काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून बजावलं होतं तरी काढला.

"खिशात होता?"

"हो."

"आणि तुम्हाला कधी कळलं?"

इथे थांबता आलं असतं. मेस्त्रींनी धाकट्याकडे बघितलं. तो बघत होता. मग थांबता येईना.

"पेन्सिल मागितली तेव्हा."

"म्हणजे मी इथे कापसाने घाम टिपतेय, डोळ्यांची आग होतेय, आणि तुम्ही माझा एसी खिशात घालून माझ्याचसमोर चहा पिताय?"

"हो."

"कसले हो जावई तुम्ही!" सासूबाई कडाडल्या. "थोरले जावई म्हणे! लाज नाही वाटत? आणि हे दुसरे, मुंगी म्हणे! एक जावई लपवतो, दुसरा त्याच्यावर पांघरूण घालतो. देवाने दोन्ही जावई एका माळेचे मणी दिलेत मला!"

धाकटा खाली मान घालून बशीत हसत होता. मेस्त्री मात्र हसले नाहीत. ते मनात मोजत होते. तीन वेळा. नाही, 'दोन्ही जावई' धरलं तर चार.

संध्याकाळी बायकोने दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा बघून ती बाजूला झाली.

"झाला का सुरू?"

"झाला."

"काय बिघडलं होतं?"

मेस्त्रींनी तिलाही सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं गेलं. ती ऐकता ऐकता पलंगावर बसली, मग आडवी झाली, मग उशीत तोंड खुपसून हसली. फ्रीजचा प्लग काढणारी तीच ना.

"आई काय म्हणाली?"

"जावई म्हणाल्या."

"कधी?"

"शिव्या देताना."

"मग मनापासून म्हणाली असेल," बायकोने डोळे पुसले. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? निघताना 'येतो, बाई' म्हटलं."

"अजून बाईच?" बायको पुटपुटली.

"काय झालं?" मेस्त्रींनी विचारलं.

"काही नाही. शर्ट काढा. चहा सांडलाय खिशावर."

शुक्रवारी दुकान उघडल्या उघडल्या मेस्त्रींनी तारेचं नवं रीळ आणलं. त्याच जाडीचं. बोटांवर मोजून चार बोटं कापली, मग विचार करून थोडी वाढवली, मग वाढवलेली पुन्हा कापून टाकली. कमी नको, तसं जास्तही नको. जास्त दिलं की आभार मानल्यासारखं दिसतं. तुकडा एका जुन्या बिलात गुंडाळला आणि खिशात ठेवला.

त्यानंतर धाकटा दोनदा भेटला. एकदा सासूबाईंकडेच, डोळ्यांवरचा काळा चष्मा निघाला त्या दिवशी. सासूबाई म्हणाल्या, "या जावईबापू. या मेस्त्री." मेस्त्रींचा हात खिशापर्यंत गेला होता, तो तिथूनच परत आला. दुसऱ्यांदा चौकात, लाल दिव्याला. पांढरी गाडी स्कूटरच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि काच खाली झाली.

"काय दादा, खिशात काय आज?"

"काही नाही," मेस्त्री म्हणाले.

दिवा हिरवा झाला. गाडी आधी निघाली.

शनिवारी शर्ट धुवायला टाकण्याआधी बायको खिसा रिकामा करते. टेस्टर, थोटूक, वायसर, किल्ली आणि ती बिलाची पुडी. रविवारी सगळं जसंच्या तसं परत खिशात भरते. पुडीत काय आहे हे तिने एकदा उघडून बघितलंय. विचारलं नाही.